छोट्या पक्षातून विधानसभा लढवायची तर कामाचा क्रम असा ठेवा

महायुती आणि महाविकास आघाडी या दोन्हींच्या बाहेरच्या पक्षात काम करायला निघालेली माणसं बहुधा एकाच पद्धतीने फसतात. आधी पद घेतात, मग लेटरहेड आणि फ्लेक्स छापतात, आणि अर्ज भरायच्या आठवड्यात मतदार यादी शोधत बसतात. क्रम नेमका उलटा हवा. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने कागदात घोळ घातला तर पक्षाचे वकील तो निस्तरतात. इथे वकील, हिशेबनीस आणि बूथ सांभाळणारा, सगळं तुम्हालाच उभं करायचं असतं, तेही तारीख जाहीर होण्याच्या कितीतरी आधी.

खालचे नियम आणि आकडे विधानसभेचे आहेत. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे अर्ज, सूचकांची (अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांची) संख्या, दोन अपत्यांची अट, जातवैधता हे सगळं वेगळं आहे. एकाची पुस्तिका वाचून दुसऱ्याचा अर्ज भरू नका.

टप्पा १ : आधी स्वतःची पात्रता

हे एका संध्याकाळचं काम आहे, पण आधी करायचं.

छाननीच्या दिवशी वय २५ पूर्ण हवं आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. सरकारी नोकरीत असाल तर उमेदवारी दूरच, पक्षाचं साधं सदस्यत्वही घेता येत नाही. अनुदानित संस्थेत किंवा महामंडळात असाल तर स्वतःचे सेवानियम काढून वाचा, सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा चालू ठेका तुमच्या नावावर असेल तर तोही अपात्र ठरवू शकतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच : भारतीय पासपोर्ट असेल तर नमुना ६अ भरून यादीत नाव घालता येतं, मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर मत नाही आणि देणगीही नाही. अशा नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेले डॉलर पक्षालाही चालत नाहीत आणि उमेदवारालाही.

टप्पा २ : पक्ष कागदावर जिवंत आहे का?

निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त (म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पक्षाचा दर्जा नसलेले) पक्ष यादीतून काढले, मुख्यतः सलग सहा वर्षं एकही निवडणूक न लढवल्यामुळे. तेव्हा पहिलं काम म्हणजे आयोगाच्या संकेतस्थळावरच्या ताज्या यादीत पक्षाचं नाव शोधणं. तिथे नाव नसेल तर स्थानिक नेत्याचं भाषण कितीही आवडलं तरी पुढे जाऊ नका.

नाव सापडलं की पदाधिकाऱ्यांना तीन गोष्टी थेट विचारा. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आयोगाला सादर झालेत का? एबी फॉर्मवर (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याच्या कागदावर) सही करायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो माणूस अर्जाच्या आठवड्यात कुठे असेल? शेवटच्या क्षणी युती झाली तर आपला मतदारसंघ कोणाकडे जाईल? पहिल्या प्रश्नाचं महत्त्व चिन्हाच्या टप्प्यात कळेल. तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी "ते साहेब बघतील" असं उत्तर येतं. मग समजा की जागा जाऊ शकते आणि त्या हिशेबानेच तयारी करा.

सावधान : सदस्यत्वाचे किंवा "उमेदवारी अर्जाचे" पैसे कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर देऊ नका. पक्षाच्या बँक खात्यात भरा आणि पावती घ्या. पक्षाला दोन हजारांपर्यंतच रोख देणगी घेता येते, आणि रोख दिलेल्या रकमेवर तुम्हाला आयकराची वजावट मिळत नाही.

टप्पा ३ : एक केंद्र, एक यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तालुकाध्यक्षपद मागण्याआधी आपल्या स्वतःच्या मतदान केंद्राची यादी पूर्ण करून दाखवा.

मान्यताप्राप्त पक्षांना आयोग यादीच्या प्रती फुकट देतो आणि त्यांना बूथ पातळीवर अधिकृत प्रतिनिधीही नेमता येतात. तुमच्या पक्षाला यातलं काही मिळत नाही. म्हणून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या यादी भागाची पीडीएफ उतरवा आणि कागदावर छापा. मोबाइलवर बघून हे काम होत नाही, पेन फिरवायला कागदच लागतो.

एका केंद्रात साधारण हजार-बाराशे नावं असतात. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय. पहिला अडथळा घर क्रमांकाचा. गावठाणात आणि जुन्या चाळींत तिथे शून्य किंवा नुसती रेघ असते, आणि शेजारी राहणाऱ्या दोन भावांची नावं यादीत दहा पानांच्या अंतरावर निघतात. म्हणून यादी घेऊन एकटे दारोदार फिरू नका. त्या गल्लीत पंचवीस-तीस वर्षं राहिलेली बाई शोधा, बचत गटाच्या ताई असतील तर उत्तम, आणि त्यांच्याबरोबर बसून पानं वाचा. "हे तर चार वर्षांपूर्वी गेले", "ही लग्न होऊन साताऱ्याला", "हा इथलाच, पण याचं नाव दोनदा आहे", असं त्या बोलत जातील. तुम्ही समासात तीनच खुणा करा : मयत, स्थलांतरित, दुबार. मग वही घ्या आणि नावं यादीच्या क्रमाने नाही तर गल्लीच्या, वाडीच्या क्रमाने पुन्हा लिहून काढा. मतदानाच्या दिवशी कामाला येते ती ही वही.

उरलेल्यांची कामं करून द्या. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी नमुना ८. मयतांची नावं काढायला नमुना ७, पण तो नातेवाइकांना भरायला सांगणं बरं. विरोधकांची वस्ती हेरून नमुना ७ चे गठ्ठे टाकायचा मोह होणारे लोक प्रत्येक पक्षात भेटतात. खोटं निवेदन हा गुन्हा आहे आणि त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तपासा : नवीन नावाचा अर्ज उमेदवारी भरायच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी गेलेला हवा. नंतरचा अर्ज या निवडणुकीच्या यादीत येईल याचा भरवसा नाही.

एका केंद्राचं काम झालं की शेजारची केंद्रं घ्या. विधानसभा मतदारसंघात तीनशेच्या आसपास केंद्रं असतात आणि सगळी तुमच्याने होणार नाहीत. पन्नास केंद्रांवर अशी वही आणि दोन भरवशाची माणसं असतील तर तुम्ही लढत आहात. नसतील तर तुम्ही फक्त अर्ज भरत आहात. हे माझं मत आहे, पण पक्षाने उमेदवारी देताना हाच एक निकष लावला तरी पुष्कळांची अनामत रक्कम वाचेल.

टप्पा ४ : सूचक आणि बँक खातं

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला आणि अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. अर्ज बाद होण्याच्या कारणांत सूचकांचे घोळ नेहमीचे. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जुन्या यादीतून उतरवलेले असतात, किंवा एखादा सूचक रस्त्यापलीकडच्या मतदारसंघातला निघतो.

चार अर्जांपर्यंत भरता येतात, त्याचा उपयोग करा. दोन अर्ज भरा आणि दोन्हींवर वेगवेगळे दहा सूचक घ्या. एखाद्यावर दबाव आला आणि "माझी सही नाही" असं तो म्हणाला, तरी दुसरा अर्ज टिकतो. अंगठा लावणारा सूचक असेल तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो. घरून उमटवून आणलेला चालत नाही.

निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. २०२४ ला महाराष्ट्रात अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. मधे रविवार होता आणि दिवाळी तोंडावर. अशा आठवड्यात नवं खातं उघडायला गेलात तर बँकेतला माणूस काय तोंड करेल ते ओळखा.

टप्पा ५ : अर्ज भरण्याचा दिवस

शेवटच्या दिवशी जाऊ नका. गुरुजींनी मुहूर्त शेवटच्या दिवशीचा काढला असेल तर दुसरा मुहूर्त मागा. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवार धरून पाच जण. सोबत हे न्या :

१. नमुना २ब (उमेदवारी अर्ज), सूचकांसह पूर्ण भरलेला.
२. नमुना २६ चं शपथपत्र, नोटरी केलेलं.
३. अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० आणि जातीचा दाखला.
४. नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या नोंदीची प्रमाणित प्रत.
५. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे तीन महिन्यांतले फोटो, टोपी आणि काळा चष्मा न घालता काढलेले. हाच फोटो मतदान यंत्रावर येतो.
६. एबी फॉर्म, शाईच्या सहीचे मूळ.

शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका. सांगण्यासारखं काही नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. नुसती रेघ ओढू नका. मोकळ्या रकान्यांसाठी अधिकारी नोटीस देतो आणि छाननीपर्यंत ते भरले नाहीत तर अर्ज बाद होतो. पती-पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, पाच वर्षांचं आयकर विवरण, प्रलंबित गुन्हे, समाजमाध्यमांवरची खाती हे सगळं त्यात येतं. आंदोलनात दाखल झालेला आणि तुम्ही विसरून गेलेला गुन्हाही येतो. पोलीस ठाण्यातून यादी काढून घ्या, आठवणीवर विसंबू नका. गुन्हा प्रलंबित असेल तर प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तशी जाहिरात द्यावी लागते. तो खर्चही धरून ठेवा.

सावधान : शपथपत्र दिलं म्हणजे शपथ झाली असं नाही. अर्ज दिल्यानंतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन सही करायची असते, आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. अर्ज दिला की त्याच खोलीत लगेच शपथ घ्या आणि प्रमाणपत्र घेऊनच बाहेर या. बाहेर ढोल वाजत असतात, कार्यकर्ते हार घेऊन उभे असतात आणि उमेदवार तसाच निघून जातो. मग छाननीला अर्ज बाद.

एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोचला पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. तो आलाच नाही तरी घाबरू नका. दहा सूचक असलेला अर्ज त्यामुळे बाद होत नाही, तुम्ही अपक्ष म्हणून रिंगणात राहता. युतीत जागा गेली तरी हाच रस्ता मोकळा असतो. जायचं की नाही, हे आदल्या रात्री नव्हे तर महिनाभर आधी कार्यकर्त्यांबरोबर बसून ठरवा.

टप्पा ६ : चिन्ह

अमान्यताप्राप्त पक्षाला कायमचं राखीव चिन्ह नसतं. किमान ५ टक्के जागा लढवणाऱ्या पक्षाला त्या निवडणुकीपुरतं एक सामायिक चिन्ह मागता येतं, पण त्यासाठी अर्ज अधिसूचनेच्या पाच दिवस आधीपर्यंत आणि तीन वर्षांच्या लेखापरीक्षित हिशेबांसह द्यावा लागतो. टप्पा २ मधला प्रश्न यासाठी होता. पक्षाने हे केलं नसेल तर मुक्त चिन्हांतून तीन पसंत्या अर्जात लिहायच्या, आणि तेच चिन्ह आणखी कोणी मागितलं तर प्रसंगी चिठ्ठी निघते.

इथे एक बारीक नियम पुष्कळांना माहीत नसतो. एकाहून जास्त अर्ज भरले तर चिन्हाची पसंती फक्त पहिल्या दिलेल्या अर्जातली धरतात, मग तो अर्ज पुढे बाद झाला तरी. म्हणून पहिला अर्ज घाईत भरून "चिन्ह दुसऱ्यात लिहू" असं करू नका.

चिन्ह मिळेपर्यंत पत्रकं छापू नका. मागच्या वेळचं चिन्ह यंदा असेलच असं नाही. वंचित बहुजन आघाडीने २०२४ ची लोकसभा प्रामुख्याने प्रेशर कुकरवर लढवली आणि त्याच वर्षी विधानसभा गॅस सिलिंडरवर. पसंत्या देताना ओळखायला सोपं आणि मोठ्या पक्षाच्या चिन्हासारखं न दिसणारं चिन्ह निवडा. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात, मोठ्या पक्षाच्या तुतारीशी साम्य असलेल्या पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला पडलेली मतं विजयाच्या फरकाहून जास्त होती. असा फायदा मिळत असेल तर का सोडायचा, असं कोणी सांगेल. ती मतं तुमची नसतात, पुढच्या वेळी दिसतही नाहीत.

याच सुमारास कोणीतरी चहाला बोलावून "तुम्ही फक्त उभे राहा, खर्चाचं आम्ही बघतो" असं म्हणण्याची शक्यता असते. मतं फोडायला असे उमेदवार लागतात. चहा प्या आणि निघा. पैसे देऊन उभं करणं किंवा बसवणं हा लाचेचाच प्रकार आहे.

टप्पा ७ : प्रचार

प्रचाराला वेळ फार नसतो. २०२४ ला माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० ला होतं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. सभा, रॅली आणि वाहनाची परवानगी आयोगाच्या 'सुविधा' ॲपवर निदान ४८ तास आधी मागा. लाऊडस्पीकर रात्री १० पर्यंतच. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर गुन्हा तुमच्यावर आणि छापणाऱ्यावरही. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पैसे भरून दिलेल्या जाहिरातीला आधी, प्रचाराच्या जाहिराती तपासणाऱ्या माध्यम समितीचं प्रमाणपत्र लागतं.

मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष येतात, मग तुमच्यासारखे नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. एका यंत्रावर १६ बटणं असतात आणि त्यातलं एक नोटाचं. उमेदवार १५ हून जास्त झाले की तुमचं नाव दुसऱ्या यंत्रावर जाऊ शकतं. क्रमांक कळताच पत्रकावर "दुसरं यंत्र, अमुक क्रमांक" असं ठळक छापा.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आणि गोव्यात २८ लाख आहे. छोट्या उमेदवाराची अडचण मर्यादेची नसते, नोंदीची असते. मित्राने फुकट दिलेली रिक्षाही जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे खर्चात धरली जाते. चहा, वडापाव, खुर्च्या, मांडव यांचे दर ठरलेले असतात, ते दरपत्रक पहिल्याच दिवशी घ्या. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत दहा हजारांहून जास्त रोख देऊ नका. नोंदवही रोज रात्री लिहा. प्रचारकाळात ती निदान तीनदा तपासणीला न्यावी लागते आणि अनुपस्थित राहिलात तर नोटीस येते. हे काम उमेदवाराने करू नये. पतसंस्थेतून निवृत्त झालेले एखादे काका यासाठी सर्वांत योग्य.

टप्पा ८ : मतदान आणि मोजणी

मतदान प्रतिनिधीचा नमुना १० उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीने आदल्या दिवशीच मतदान प्रतिनिधीच्या (पोलिंग एजंटाच्या) हातात द्या. प्रतिनिधी शक्यतो त्याच केंद्राचा मतदार असावा. त्याला चारच गोष्टी शिकवा. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी हजर राहायचं, कारण तेव्हा निदान ५० मतांचं अभिरूप (चाचणी) मतदान होतं. ती मतं यंत्रातून पुसली गेल्याचं स्वतः बघायचं. यंत्राच्या सीलचे क्रमांक टिपून घ्यायचे. आणि संध्याकाळी नमुना १७क ची (केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाची) सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. बहुतेक जण चार वाजता "आपलं काही खरं नाही" म्हणत घरी जातात आणि तो कागद मिळतच नाही.

बाहेरचं टेबल केंद्रापासून २०० मीटरच्या पलीकडे, एक टेबल आणि दोन खुर्च्या. गल्लीवार वही तिथे ठेवा.

मोजणी प्रतिनिधींची यादी नमुना १८ मध्ये फोटोंसह मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत द्यायची. प्रत्येक टेबलाला माणूस नसेल तर ज्या केंद्रांवर काम केलं ती केंद्रं कोणत्या टेबलावर येतील ते बघून तेवढे नेमा. टेबलावरचा आकडा नमुना १७क शी जुळवायचा.

टप्पा ९ : निकालानंतरचे तीस दिवस

अनामत परत मिळायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. बहुतेकांची ती जाते, आणि मग पाय ओढत घरी बसतात. इथेच शेवटची आणि सर्वांत महागात पडणारी चूक होते. निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, दोनशे मतं पडली असली तरी. दिला नाही किंवा नीट दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे पुढची निवडणूकही हातची जाऊ शकते. हिशेब, मूळ पावत्या, बँकेचं विवरण आणि शपथपत्र द्या आणि पोच घ्या. टपालाने पाठवू नका.

त्याच फेरीत नमुना २० ची प्रत मिळवा. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. तुमच्या पन्नास केंद्रांचे आकडे त्या त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वही केंद्रावरच्या माणसाला परत द्या. पुढच्या यादी दुरुस्तीला तीच लागेल.